हा ह्याचा कोण लागतो?

"चपला बाहेर," असं सर दारातूनच म्हणायचे आणि आम्ही निमूट पायातल्या काढायचो.

देवळात चपला काढतात त्या पुण्यासाठी. आमच्या नांदेडच्या कॉलेजात, फोटोग्राफीच्या वर्गात, त्या पापासाठी काढायच्या. बाकं भिंतीला लावलेली असायची आणि मधल्या फरशीवर कुणा एकाचे सगळे फोटो मांडलेले. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एका विषयावर फोटोंचं पुस्तक करायचं होतं. पुस्तकात फोटो चोवीस. पंचवीसही नाही, तेवीसही नाही. काढून आणायचे सत्तर-शंभर आणि नको असतील ते गाळायचे. गाळायचे तेही हातानं नाही, पायानं. जो फोटो नको, त्याच्यावर अनवाणी पाय ठेवायचा.

"हातानं काढलेला फोटो माणूस हळूच परत आत सरकवतो," सर सुपारी चघळत सांगायचे. "पाय लागलेला परत ठेवायची हिंमत होत न्हाई. आईबापानं लावलेली सवय हाय तुम्हाला. आपण फुकटात वापरायची."

आता तुम्हीच सांगा, वहीला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला नेणारी पोरं आम्ही. फोटोवर पाय ठेवला की हात आपोआप खाली जायचा, फोटोला लागायचा आणि कपाळाला जायचा. की सर ओरडलेच, "नमस्कार करायचा तर देवळात जा! इथं का तमाशा लावलाय?" तरी हात जायचाच. सरांच्या गळ्यात एक लहानसा काळा कॅमेरा असायचा. त्या गडबडीत मधूनच त्याचा टिक असा आवाज यायचा. कॉलेजच्या अहवालासाठी काढत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

फोटो चांगला आला की वाईट, हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दोन फोटोंच्या मधे उकिडवे बसायचे, आधी एकावर बोट ठेवायचे, मग दुसऱ्यावर. "हा ह्याचा कोण लागतो?" एवढा एकच प्रश्न. नातं सांगता आलं तर फोटो राहिला, नाहीतर पाय. एकानं गमतीत म्हटलं, "मावसभाऊ लागतो, सर." सर म्हणाले, "मग लग्नाला बोलाव, पुस्तकात कशाला?"

इस्लापूरचा एक मुलगा होता आमच्यात. त्यानं गावाजवळच्या सहस्रकुंडच्या धबधब्याचे सत्तर फोटो आणले. एस.टी.नं येताना चुरगळू नयेत म्हणून मांडीवर धरून आणले होते. सरांनी फरशीवरून एक चक्कर मारली. "पाणी पडतंय, समजलं. पडल्यावर काय झालं?" मग त्यांनी त्याला सत्तरच्या सत्तर फोटोंवरून चालायला लावलं. "चाल की. तुझ्याच गावचं पाणी हाय, बुडणार न्हाईस." आम्ही हसलो. मी तर जरा जोरातच हसले, कारण सरांचं लक्ष जावं असं मला फार वाटायचं. तो मुलगा पुढच्या आठवड्यापासून आला नाही. इतिहास घेतला म्हणे त्यानं.

असा हा माणूस. आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक? दरवर्षी कुणीतरी धीर करून विचारायचंच.

"दिवाळीनंतर," सर म्हणायचे. त्या वेळी त्यांचा आवाज बदलायचा, एकदम मऊ व्हायचा. "काम चालू हाय. आयुष्यात एकच करायचं, पण असं करायचं की एक फोटो हलवता येऊ नये." कुठली दिवाळी, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग माझी पाळी आली.

माझ्या पुस्तकाचा विषय आई होता. आमच्या पुढच्या खोलीत आईची शेवयांची मशीन. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका डबे घेऊन नंबर लावायच्या. आई पीठ तिंबायची, मशीनीत कोंबायची, निघालेल्या शेवया बाजेवर वाळत घालायची. भुवयांवर मैदा, केस सुटलेले, ब्लाउज घामानं भिजलेला. दोन महिने मी तिच्या मागं कॅमेरा घेऊन फिरले. एक दिवस ती वैतागली. "सगळे असे अवतारातलेच काढायलीस. एक तर माणसात बसलेला काढ की." तिनं तोंड धुतलं, पावडर लावली, नारायणपेठी नेसली आणि पडद्यापुढं खुर्ची ओढून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली. फोटो काढून झाल्यावर म्हणाली, "पुस्तकात हा पहिला टाक."

शंभराचे पंचवीस झाले. एक जायला हवा होता. सर आईच्या त्या फोटोपाशी उकिडवे बसले आणि बाकीच्या चोवीस फोटोंवरून बोट फिरवलं. "हा ह्यांचा कोण लागतो?"

"सर, आईच आहे ती."

"आई हाय ते मला दिसायलंय. ह्यांची कोण लागते ते सांग."

मला सांगता येईना. त्याहून वाईट म्हणजे, त्यांचं बरोबर आहे हे मला दिसत होतं. तो फोटो त्या पुस्तकात पाहुण्यासारखा बसला होता.

"पाय ठेव."

मी ठेवला. अंगठा तिच्या खांद्यावर आला. इतरांसारखा माझा हात खाली गेला का, मी काय केलं, ते मला काही केल्या आठवत नाही. कानात नुसतं गरम झालं होतं. मी काहीच केलं नसेल, असं धरून मी पुढची वर्षं काढली.

पुस्तकं कॉलेजच्या हॉलमध्ये मांडली तेव्हा आई तीच नारायणपेठी नेसून आली. तिनं माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितलं, मग परत पहिल्यापासून. "माझा चांगला फोटो कुठंय गं?"

"बसला नाही, आई."

"एवढ्या मोठ्या पुस्तकात मला बसायला जागा न्हाई झाली व्हय?"

तेवढ्यात सर आले. म्हणाले, "बाई, पोरीनं लई चांगलं काम केलंय." आई म्हणाली, "हाव, दिसायलं," आणि पदर सारखा करून बाहेर जाऊन उभी राहिली. सरांचं चांगलं म्हणणं ऐकायला मी वर्षभर जीव टाकला होता. ते आलं आणि मला आईच्या मागं जावं लागलं. ह्याचा राग मी सरांवरच ठेवला.

फोटो तिला माझ्या पिशवीत सापडला. तिनं पदरानं पुसला, पण अंगठ्याचा ठसा राहिलाच. तो तिनं शोकेसमध्ये टीव्हीशेजारी ठेवला. पाहुणा आला की दाखवणार, "हे आमच्या लेकीनं मला लाथ मारली तेव्हाचं." पाहुणे हसायचे, आईही हसायची. मला त्यावर आजवर कधी हसू आलेलं नाही.

पुढं लग्न होऊन मी लातूरला आले आणि लग्नाच्या अल्बमचं दुकान टाकलं. देवाची करणी बघा, ह्या धंद्यात एकही माणूस गाळता येत नाही. आत्याचा फोटो मावशीपेक्षा लहान झाला की भांडण. नवरीचा मामा तीनदा पाहिजे. कोण कुणाचं लागतं ते मला गिऱ्हाईकच बोट ठेवून सांगतं. सर निवृत्त होऊन लातूरलाच, आपल्या गावी आले होते. रस्त्यात दिसले की मी समोरच्या कुठल्यातरी दुकानाचं शटर बघत उभी राहायची.

मग एका दुपारी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. ह्यांना लकवा झालाय, उजवं अंग गेलंय. "पुस्तक करायचंय म्हणतात. आता झालं तर झालं. तुलाच बोलवायलेत."

मी गेले. सर खुर्चीत होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी उंबऱ्यात पाय ठेवला तर म्हणाले, "चप... चपला बाहेर." बाकी सगळं अडखळत होतं, पण हे बरोबर आलं.

चार खोकी भरून फोटो होते. बैठकीत मांडले, तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. गोदावरीवरचे सूर्यास्त. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या. बैलांचे डोळे. आणि सहस्रकुंडचा धबधबा! एक नाही, दोन नाही, चांगला चाळीस वेळा. मला तो इस्लापूरचा मुलगा आठवला आणि खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

मी दोन फोटोंच्या मधे उकिडवी बसले. "हा ह्याचा कोण लागतो, सर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "प्र... प्रकाश."

"प्रकाश तर सगळ्यांचाच लागतो."

त्यांनी मान हलवली. "ठेव."

मी पाय ठेवला. परत विचारलं, परत ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी उत्तरं द्यायचं सोडलं. काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. एकेक फोटो सुटा बघितला तर देखणा होता हो, पण कुणीच कुणाचं नव्हतं. तीस वर्षं पोरांना रडवणाऱ्या माणसाला ही गोष्ट दिसू नये? का दिसत होती, म्हणूनच दिवाळी येत नव्हती?

भिंतीकडच्या रांगेत मला एक वाकलेली पाठ दिसली. दोन फोटो सोडून आणखी एक. मग मला त्याच दिसायला लागल्या. आमचा वर्ग, आमची फरशी, एक अनवाणी पाय फोटोवर आणि एक हात कपाळाशी. दर साली कपडे बदललेले, वाकणं तेच. एकात माझी पिवळी ओढणी होती. त्या फोटोवरून मी नजर काढून घेतली, नीट बघितलाच नाही. असे बरेच होते, कॉलेजचे म्हणून खोक्यात कुठंही मिसळलेले. कोण कुणाचं लागतं हे विचारायची गरजच नव्हती. सरांचं पुस्तक तिथं पडलेलं होतं, आणि सरांना ते माहीत नव्हतं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "किती... राहिले?"

'हे बघा, सर,' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही म्हणाल, मग म्हटलं का नाही? मला आई दिसत होती, हॉलमध्ये दोनदा पानं उलटणारी. मी त्या रांगेवरूनही पाय देत गेले, एकेका फोटोवर नीट ठेवून, पिवळ्या ओढणीवरसुद्धा.

"एकही नाही, सर."

त्यांनी डाव्या हातानं ओघळलेली लाळ पुसली. मग म्हणाले, "बरोबर." एवढंच. मी चपला घातल्या आणि जिना उतरले. अंगात हत्तीचं बळ आलं होतं.

ते बळ दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकलं नाही. जाऊन सांगू, उद्या सांगू, असं मी रोज म्हणायची. लग्नसराई होती, कामं होती, आणि कारणाला काय तोटा? लग्नसराई संपायच्या आत सर गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी खोकी माझ्यापुढं ठेवली. "जाळून टाक म्हणाले होते. मला जाळवेना. तुझ्याकडं असू दे."

परवा आई लातूरला आली होती. त्या वाकलेल्या पोरांचे फोटो मी निवडून दुकानाच्या मागच्या खोलीत फरशीवर मांडले होते. बावीस निघाले. आई चहा घेऊन आली, फोटोंना पाय लागू नये म्हणून साडी आवरून भिंतीभिंतीनं आली.

"कोण हायत गं ही पोरं? नमस्कार करून राहिलेत."

"आमच्या कॉलेजची."

ती वाकली. "आन् ही तू हायस."

तेव्हा मी तो फोटो पहिल्यांदा नीट बघितला. बाकीच्यांचा नुसता हात कपाळाला होता. मी गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात तिच्या फोटोवर, आणि कपाळ थेट फरशीला टेकलेलं.

आई खाली बसली. फोटो मांडीवर घेतला. "इतकी वर्षं बोलली का न्हाईस? मी आपली लाथ, लाथ करून राहिले."

"मला आठवतच नव्हतं."

"त्या मास्तरनं बरं ध्यानात ठेवलं." ती सगळीकडे बघत होती. "हे असं सगळं मांडलेलं बघितलं का त्यानं?"

"नाही."

"का गं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती मांडीवरच्या फोटोकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे लाथ मला बसलीच नव्हती."

चहा तसाच राहिला. आईनं पदराचं टोक घेतलं आणि एकेक फोटो उचलून पुसायला लागली. बावीसच्या बावीस फोटोंवर माझाच पाय होता.