चावीला टेकलेला कान

पाण्याच्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह फिरवून झाला की गल्लीला पाणी सोडणारे धर्मपालमामा लांब लोखंडी चावी तशीच खड्ड्यात उभी ठेवायचे आणि तिच्या वरच्या टोकाला कान टेकवायचे. डोळे मिटलेले, श्वास धरलेला. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत तेवढा वेळ कुणी बादलीही आपटत नसे. नळाला यायच्या आधी पाणी त्यांना लोखंडातून ऐकू येई. पाइप कुठे फुटलाय, तेही. ते बोट दाखवत, तिथे खणलं की ओल सापडे.

समोरच्या म्हाताऱ्या चंद्रव्वा हंडे मांडून विचारायच्या, "काय म्हणतंय रे अण्णा पाणी? मराठी बोलतंय का कन्नड?"

"आज कन्नड. मला न्हाय कळत, तुमीच या ऐकायला."

दोन वर्षांपूर्वी बुद्धप्रिया आली. पाणीपुरवठा कंपनीची तरुण इंजिनिअर. पाइपाला चिकटवायचे मुठीएवढे सेन्सर तिने आणले होते. ते पाइपातला आवाज टिपत आणि गळती कुठे आहे ते तिच्या फोनवर कळवत.

"जय भीम, काका. हे कुठं बसवू ते तुम्हीच सांगा."

मामांनी अठ्ठावीस वर्षांतल्या गळतीच्या जागा तिला पायी फिरून दाखवल्या. "माजा कान ह्याच्यात घालणार व्हय?"

"घालते की! मग तुम्ही निवांत झोपा."

ते हसले. पण त्याच सुमारास ते चावीला कान लावायच्या ऐवजी नुसता तळहात ठेवू लागले होते. गल्लीने ते पाहिलं होतं. आम्ही फक्त त्यांना हाक मारताना आवाज चढवू लागलो.

श्रावणात सेन्सरने चंद्रव्वांच्या उंबऱ्यासमोर गळती दाखवली. तिचे साहेब म्हणाले, रस्ता नवा आहे, आधी धर्मपालला विचारा. मामांनी चावी उभी केली. त्या दिवशी पुन्हा कान टेकवला. बराच वेळ.

"काय म्हणतंय?" चंद्रव्वांनी विचारलं.

"कायबी न्हाय. गप हाय."

बुद्धप्रिया फोनकडे बघत राहिली. "काका, इथं आवाज येतोय."

"पोरी, तुजं यंत्र अजून नवं हाय."

साहेबांनी त्यांचं ऐकलं. खणायचं राहून गेलं. मला ऐकू येत नाही, एवढंच मामांनी म्हणायला हवं होतं.

आठवड्याने चंद्रव्वांना जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात न्यावं लागलं. मग खणलं. फुटक्या पाइपाभोवती गटाराचं पाणी साचलं होतं. नळ बंद असला की तेच आत शिरत होतं. अकरा दिवसांनी चंद्रव्वा काठी टेकत परतल्या, अर्ध्या झालेल्या. मामा त्यांच्या दारासमोर उभे होते. त्या एवढंच म्हणाल्या, "उन्हात का उभा रे, अण्णा?"

दुसऱ्या दिवशी मामांनी चावी जमा केली.

आता व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. पाणी कधी येणार त्याचा मेसेज आदल्या दिवशी फोनवर येतो. चंद्रव्वांना वाचता येत नाही. म्हणून पाण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा त्यांच्या दाराशी येत राहिले. माघातल्या एका गुरुवारीही आले. त्या रात्री झोपेतच ते गेले. सकाळी व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडला.

आदल्या संध्याकाळी उंबऱ्याबाहेरच, चपला न काढता उभं राहून ते म्हणाले होते, "अव्वा, उद्या पाणी हाय. उकळून प्या."