समेला घाई

सिन्नरहून नाशिकला ऑफिसला जाताना एसटीत एक शेतकरी रोज माझ्या शेजारी बसायचा. डोक्यावर टोपी, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. माझ्या कानात इयरफोन असायचे आणि बोटं गुडघ्यावर ताल धरायची. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "भाऊ, लय घाई करता. समेच्या आधीच बोट टेकता."

मी तीन वर्षं तबला शिकलोय. साहजिकच भडकलो. "गाणं तुम्हाला ऐकू तरी येतंय का?"

"ऐकायचं कशाला? बोटं दिसतात ना. गावच्या भजनात पखवाज वाजवतो मी."

मग रोज माझ्या बोटांकडे बघत त्याची मान डोलू लागली. सम चुकली की "च्च!" कंडक्टरने तिकीट विचारलं, तरी आवर्तन संपेपर्यंत तो त्याला हाताने थांबवायचा. मी ऑफिसात चोरून टेबलावर सराव करू लागलो.

एकदा वाटेतच इयरफोनची बॅटरी संपली. पण तो इतक्या आशेने बघत होता की मी तसाच, मनातल्या मनात मोजत बोटं चालवत राहिलो. द्वारका सर्कलला त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"वा! आज बरोबर समेवर आलात. गाणारा लय पक्का हाय!"

तेव्हापासून मी इयरफोन चार्जच करत नाही.