उघड्या डोळ्यांच्या बत्तीस मूर्ती

आषाढातला शेवटचा रविवार. हमरापूर, आमचा गणपतीचा कारखाना. हजर: डोळे आखणारे नाना, स्प्रे-गनवाला दत्ता, मूर्ती उचलून सुकायला ठेवणारी आत्या आणि यादी घेऊन मी. पाहुण्या: रोह्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम. पाहुण्यांचं नाव मी हजेरीत लिहीत नसे, पण त्यांनीच सांगितलं, "माझंही घाला. मी इथे बसते म्हणजे मीही यातलीच."

कुठलंही काम थांबलं की मॅडम चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "आता पाळी कोणाची?" चहा गाळून झाला तरी विचारायच्या. दत्ता म्हणायचा, "आता पिणाऱ्याची, मॅडम."

दर रविवारी त्या रोह्याहून एस.टी.ने रामवाडीला उतरायच्या आणि तिथून रिक्षाने आमच्याकडे यायच्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, तुमचं इथे काय काम? त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, उलटी केली आणि मागे अक्षरांची एक ओळ लिहिली.

"ही ओळ म्हणजे तुमची मूर्ती. सगळ्यांनी हिच्यावरच काम करायचं. प्रत्येकाचे नियम वेगळे. अमुक अक्षर दिसलं की ते खोडून तमुक लिहायचं. आपला एकही नियम लागू होईना, की ओळ दुसऱ्याच्या हवाली करायची. अशा नियमांच्या संचाला आम्ही व्याकरण म्हणतो. मी अशी चार-पाच व्याकरणं एकत्र कामाला लावते."

"आणि ओळ पुरी व्हायच्या आधीच सगळे थांबले तर?"

"तर अडलं," त्या खुशीत म्हणाल्या.

कोणाचं काम कोणानंतर, याच्या याद्या मी वीस वर्षं करते आहे. त्यांना व्याकरण म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. मी त्यांना बसायला चांगली खुर्ची दिली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची अडचण ऐकता ऐकता आपलीच होऊन जाते. मॅडमची पीएचडी तिसऱ्या प्रकरणावर अडली होती. त्यांचं म्हणणं असं, की गटात एखादा असा असू शकतो ज्याचं एकही अक्षर शेवटच्या ओळीत राहत नाही, पण त्याला काढलं तर ती ओळ कधी पुरीच होत नाही. गणिताने ते सिद्ध होत होतं. पण त्यांच्या मार्गदर्शकांनी लिहून पाठवलं होतं, "असं खऱ्या कामात कुठे घडतं ते दाखवा, नाहीतर प्रकरण काढून टाका." प्रकरण काढलं तर प्रबंधात काही उरत नव्हतं, आणि विद्यापीठाने दिलेली मुदत शेवटची होती.

त्या रविवारी चूक माझी झाली. नाना दुसऱ्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला जाणार होते, म्हणून मी यादीत त्यांचं काम वर घेतलं. सकाळपासून त्यांनी बत्तीस मूर्तींचे डोळे आखून टाकले. चेहऱ्यावर स्प्रेची शेवटची छटा मारायची राहिली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दत्ताने गन उचलली आणि परत खाली ठेवली. "वहिनी, यांचे डोळे उघडलेत. मी नाय मारायचा देवाच्या डोळ्यात रंग."

"मी आखलेला डोळा पुसत नाय," नाना म्हणाले. "माझ्या बापानेपण कधी पुसला नाय."

"तुज्या बापाच्या टायमाला वहिनीची यादी नव्हती," आत्या म्हणाली.

मॅडम खुर्चीतून उठल्या. चष्मा कपाळावर गेला. "आता पाळी कोणाची?" या वेळी कोणी हसलं नाही. पाळी कोणाचीच नव्हती. पाचही जण उभे, बत्तीस मूर्ती आमच्याकडे बघतायत आणि कोणाचाच नियम लागू होत नाही.

आत्याने हात पदराला पुसले. "डोलं झाका ना गो त्याचं. पोराला आंघोल घालताना साबन डोल्यात घालता काय?"

तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन पाकळ्या कापल्या, एका काडीला चिकटवल्या आणि मूर्तीच्या डोळ्यांसमोर धरल्या. "मार रे आता." दत्ताने मारलं. तिने काडी बाजूला घेतली. डोळे तसेच, स्वच्छ.

मॅडम पुढे धावल्या, ओढणीला गुलाबी रंग लागला तरी कळलं नाही. "आत्या, तुम्ही मूर्तीला काय लावलंत?"

"मी? कायच नाय लावला."

"आणि तुम्ही नसता तर?"

"तर ही दोघा तोंडा फुगवून बसली असती."

मॅडम शाडूच्या पोत्यावर बसल्या आणि माझ्या यादीच्या मागे भराभरा लिहायला लागल्या. जागा संपली तेव्हा मी टेम्पोची यादीही दिली. बत्तिसावी मूर्ती होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. प्रत्येक मूर्तीला आत्याने काडी धरली.

दोन आठवड्यांनी त्यांनी नवं प्रकरण आम्हाला वाचून दाखवलं. आत्या झाकते, दत्ता रंग मारतो, आत्या उघडते. तीन पाळ्या. मला राहवलं नाही. "मॅडम, आत्या झाकून निघून जात नाही. दत्ता मारत असतो तेव्हा ती धरून उभी असते. दोघं एकाच वेळी कामाला असतात."

त्यांनी हातातली पानं खाली ठेवली. मला वाटलं, आता मीच यांचं प्रकरण बुडवलं. पण त्यांचा चेहरा उजळत गेला. "मुद्दा तरीही टिकतो. पण दोघं एकत्र असले तर हिशेबच बदलतो. हे कोणीतरी नीट पाहून लिहायला हवं." प्रबंधाच्या शेवटच्या पानावर, न सुटलेला प्रश्न म्हणून, त्यांनी ते घातलं. आत्याचे आभारही मानले, पूर्ण नावानिशी.

प्रबंध मंजूर झाला. मॅडमना हैदराबादला नोकरी लागली. जाण्याआधी पेढे आणि एक वही देऊन गेल्या. वहीत रकाने आखलेले: कोण, कोणासोबत, किती वेळ. "वहिनी, तुमच्याइतकं नेटकं कोणी लिहिणार नाही. एका सीझनची नोंद करून पाठवा."

या सीझनला मी तीनदा वही उघडून बसले. डोळे आधी आखून काडी धरायची आता रीतच झाली आहे, पण आत्याचे गुडघे तिला फार वेळ उभं राहू देत नाहीत. "वहिनी, धरा जरा," दत्ता हाक मारतो, आणि काडी माझ्या हातात येते. हात तिथे गुंतले की लिहायचं कशाने? मॅडमच्या खुर्चीवर सध्या रंगाचे डबे असतात.

वहीची पहिली ओळ अजून कोरी आहे. नुसतं बसून बघेल असं एक माणूस यादीत घालायचं राहिलं आहे.