तीन मीटरचं दुखणं

आमच्या क्रीट बेटावर देवाने डोंगर ओतले ते सढळ हाताने, पण तीन मीटरचा पक्षपात केलाच, असं माझे भाऊजी मनूसोस यांचं मत. बेटाच्या मधोमध असलेला प्सिलोरितिस दोन हजार चारशे छप्पन्न मीटर. आमचं पश्चिमेचं पाख्नेस शिखर दोन हजार चारशे त्रेपन्न. एवढ्यावरून माणसाने झोप घालवावी? यांनी घालवली!

भाऊजी मेंढपाळ. बेटावर जन्मले, पण समुद्रात कधी पाऊल बुडवलं नाही. वरून दिसतो तेवढा पुरे, म्हणायचे. उन्हाळ्यात मेंढ्या वर नेल्या की ते तीन मीटर भरून काढायला पाख्नेसच्या माथ्यावर एक धोंडा रचून यायचे. आमचे सगळेच पुरुष रचतात. घरात पाण्याची बादली उचला म्हटलं की कंबर धरते मेल्यांची!

अशा घरात अर्जिरोने, भाऊजींच्या एकुलत्या लेकीने, लग्न ठरवलं. मुलगा वार्दिस, गुरांचा डॉक्टर, स्वभावाने सोन्यासारखा. गाव मात्र प्सिलोरितिसच्या पायथ्याचं.

भाऊजींनी ताट सरकवलं. "अगं, अथेन्सचा आणला असतास तरी गप्प बसलो असतो!"

"करीन तर त्याच्याशीच, बाबा. पण तुमच्या आशीर्वादाशिवाय चर्चची पायरी चढणार नाही," म्हणाली, आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. मला पोरीचं तोंड बघवेना. मी भाऊजींच्या इतकी मागे लागले, की त्यांनी एकदाची अट घातली.

"स्वतःच्या पाठीवर धोंडा आणून पाख्नेसवर ठेव म्हणावं. मग पोर त्याची. शब्द माझा!"

तिकडचा माणूस आमचा डोंगर वाढवायला मरेपर्यंत येणार नाही, ही यांची खात्री.

वार्दिस आला की हो! घामाघूम होऊन चढला आणि सगळ्या गावादेखत धोंडा माथ्यावर ठेवला.

"काका, हा प्सिलोरितिसच्या शेंड्यावरून उचललाय. तिकडे तेवढं कमी, इकडे तेवढं जास्त."

भाऊजींनी त्याला कडकडून मिठीच मारली! डोळे पुसले, पेल्यांत राकीची दारू ओतली, पाद्रीबाबांसमोर अर्जिरोचा हात त्याच्या हातात दिला. तोवर मी जीभ दाताखाली धरून उभी होते. हात दिला गेला, तशी सोडली.

"भाऊजी, म्हणजे आता आपल्या पाख्नेसच्या डोक्यावर कोण बसलाय? प्सिलोरितिसच ना?"

पेला ओठापाशीच थांबला. भाऊजींनी धोंड्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. जावई मान खाली घालून बुटांचे बंद बघत होता. दिलेला शब्द आमच्याकडे परत घेत नाहीत, उरला धोंडा. भाऊजी तरातरा गेले, दोन्ही हातांनी उचलला, आणि तसेच उभे राहिले.

"फेका ना, बाबा," अर्जिरो म्हणाली.

"फेकू कसा गं?" भाऊजी रडकुंडीला आले होते. "पाख्नेस तेवढं खाली येतंय!"

आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी तो परत जागेवर बसवला.