मुलुंडच्या कमानीवरचं नाव

त्या इराणी म्हाताऱ्याला बिल्डरने फसवलं, पण कंत्राटदार म्हणून शब्द मी दिला होता. अमोनियावर छापलेल्या जुन्या नकाशांचा वास आला की तो आठवतो. तिकडे तो बादशहाचा आर्किटेक्ट होता. त्याने बांधलेले मकबरे क्रांतीत पाडले गेले. आमच्या मुलुंडच्या टॉवरची कमान त्याने काढली. मी घासाघीस सुरू केली, तर म्हणाला, “सेठ, पैसा नको. खालच्या टाइलवर माझं नाव टाक. तिकडे कुठेच उरलं नाही.” टाइल मी स्वतः बसवली. उद्घाटनाला तो गुडघे टेकून बसला आणि बोटांनी नाव शोधू लागला. बिल्डरने आदल्या दिवशीच ती टाइल काढून आपल्या बापाचं नाव लावलं होतं. “इथेपण?” एवढंच तो बोलला. पुढे तो वारला, तरी कमानीखाली मला अजून तसाच बसलेला दिसतो. ए बिल्डर, वरच्याच मजल्यावर राहतोस ना? खाली ये आणि त्याला उत्तर दे.