भावाची बाकं

ऑफिसात त्यांना सगळे 'कोरडे' म्हणत. नव्यानं आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. शाळांसाठी सामान घेणाऱ्या सरकारी खात्यात ते खरेदी कारकून होते. त्या टेबलावर बसून ज्याचे हात कधी ओले झाले नाहीत तो कोरडाच, एवढा साधा त्या नावाचा अर्थ. त्यांनीही कधी मनावर घेतलं नाही.

थोरल्या भावाचा, दादाचा, लोखंडी सामानाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन वेल्डर आणि स्वतः दादा. मागे एकदा त्यानं खात्यात निविदा भरायचं ठरवलं. तेव्हा निविदा बंद पाकिटात येत आणि पेटीत पडत. मुदत संपली की पेटीला लाखेचं सील लागे. दादा धापा टाकत पोचला तेव्हा सील नुकतंच लागलं होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडून बसणाऱ्या ठेकेदारांसाठी अशी सीलं साहेबांच्या एका फोनवर निघत, हे दादाला ठाऊक होतं. कोरड्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी पाकीट घेतलं नाही.

"सख्ख्या भावाला दारातून परत पाठवलंस," एवढंच बोलून दादा निघून गेला.

त्यानंतर बोलणं तुटलं. वहिनीचे फोन यायचे, हळूहळू तेही थांबले. आई गेली तेव्हा दोघं भाऊ तिच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे होते आणि काय हवं-नको ते बायकांमार्फत विचारत होते. कोरडे त्या दिवशी रडले नाहीत. पुढेही कधी रडू आलं नाही. एकदा मोकळं होऊन जा, असं बायको सांगायची. ते मान डोलवायचे. पण मोकळं करायला आत काही असेल, असं त्यांना वाटतच नव्हतं. जेवणाला चव लागायची नाही, तरी ताट स्वच्छ करून उठायचे.

मग नवे साहेब आले आणि खरेदी ऑनलाइन झाली. पेटी अडगळीत गेली. सेक्शनमध्ये कुणी नव्या साहेबाला नावं ठेवली, कुणी बदलीसाठी अर्ज केला. टपरीवरचे ठेकेदार पांगले. आता तुम्हाला आनंद झाला असेल, असं लोक कोरड्यांना म्हणत. ते 'हो' म्हणत आणि पासवर्ड टाकायला वळत.

एकदा शाळांच्या बाकांची निविदा निघाली. कुणी किती दर भरलाय ते मुदत संपेपर्यंत कुणालाच दिसत नव्हतं, भरणाऱ्यांची नावंसुद्धा नाहीत. मुदत संपल्यावर पडदा उघडला. सगळ्यांत कमी दर दादाच्या कारखान्याचा होता.

कोरड्यांनी नाव वाचलं. ऊर भरून यावा किंवा निदान धस्स तरी व्हावं, म्हणून ते थोडं थांबले. काहीच झालं नाही. ते उठले आणि साहेबांना सांगून आले, की हा माझा भाऊ आहे, तपासणी दुसऱ्या कुणाकडे द्या. साहेबांनी ते लेखी घेतलं आणि म्हणाले की इथे दुसरं आहे कोण, तुम्ही तपासा, शेवटची सही माझी.

बाकं आली. कोरडे एकेका बाकावर बसून पाहू लागले. बरीच डुगडुगत होती. खाली वाकून बघितलं तर पायांचे जोड कच्चे, बोटानं दाबलं तरी फट दिसत होती. त्यांनी 'नामंजूर' लिहिलं, साहेबांनी सही केली आणि मेसेज आपोआप गेला.

संध्याकाळी फोन वाजला. इतक्या वर्षांनी दादाचा आवाज.

"तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझा माल परत पाठवलाय. जरा बघ ना, कोण आहे."

"मीच आहे, दादा."

पलीकडे कुणीतरी लोखंड घासत होतं. तो आवाज थांबला.

"जोड कच्चे आहेत," कोरडे म्हणाले. "मी बसून बघितलं. लहान पोरं बसणार त्यावर."

"नवा माणूस ठेवला होता. मीच बघायला हवं होतं." मग त्यानं विचारलं, "आणि काम मला मिळालं ते? त्यात तुझा हात होता?"

"नाही. आधी नावं दिसतच नाहीत."

"मग बरं," दादा म्हणाला.

सगळे जोड नव्यानं करून दादा बाकं स्वतः टेम्पोतून घेऊन आला. कोरड्यांनी पुन्हा एकेकावर बसून पाहिलं. दादा भिंतीशी उभा होता. त्याचे केस पूर्ण पिकले होते आणि एका पायावर तो जरा कमी भार देत होता. ते कोरड्यांच्या नजरेला पडलं, मनापर्यंत मात्र पोचलं नाही. माल मंजूर झाल्यावर दोघांनी टपरीवर चहा घेतला. दादा लोखंडाच्या भावाबद्दल बोलला. निघताना म्हणाला, वहिनीनं रविवारी जेवायला बोलावलंय.

ते बायकोला घेऊन गेले. वहिनीनं आग्रह करकरून वाढलं. जेवण झाल्यावर दादानं विचारलं, की पुढची निविदा भरताना कागद कॉम्प्युटरवर चढत नाहीत, काय करू? कोरड्यांनी मी सांगणं बरं नाही, त्यासाठी हेल्पलाइन आहे, असं सांगितलं. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन धावली.

परतताना बायकोनं विचारलं, "बरं वाटलं का?"

"माहीत नाही," कोरडे म्हणाले. बरंच चालून झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या रविवारी त्यांना आपल्याकडे बोलावू."