चेकरबाईच्या काळजातला चुना

माझी बायको कुठलंही कापड आधी उजेडाला धरायची, मगच त्याला बरं म्हणायची. सुरतजवळ कडोदऱ्याच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं साड्या तपासल्या. गल्लीत सगळे तिला चेकरबाई म्हणायचे. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ती नवरीच्या आईला सांगून आली, "शालूत धागा तुटलाय, अजून वेळ आहे." त्या घराने आमच्याशी बोलणं टाकलं. ती म्हणाली, "माल खराब तर खराब. माझं काय चुकलं?"

दोन वर्षांमागे तिला धाप लागायला लागली. डॉक्टरने छातीची सोनोग्राफी केली आणि म्हणाला, "हृदयाच्या झडपेजवळ गाठ दिसते. ट्यूमर असावा. छाती उघडून काढावी लागेल." मी दुसरी शिकलेला, मला फक्त छाती उघडायची एवढं कळलं. मी बाहेर पायरीवरच बसलो. ती म्हणाली, "उठा, रिक्षा निघून जाईल."

घरी येऊन तिने अमळनेरला भावाला फोन लावला. आमच्यात बाई सवाष्ण गेली तर तिचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते भाऊ आणतो. ती म्हणाली, "गुलाब, माझी साडी आत्ताच घेऊन ये. मेल्यावर तू घाईत काहीही उचलशील."

गुलाब रडत आला. येताना त्याने सुरत स्टेशनजवळून हिरवी साडी घेतली होती. तिने ती खिडकीशी नेली.

"पदराला डाग आहे. बदलून आण."

"ताई, जाळायचीच ना ती?"

"म्हणून मी डागी माल नेसू?"

गुलाब पुन्हा दुकानात गेला. खरं कारण ऐकून दुकानदाराने हात जोडले. "भाई, बे लई जाओ, पण पाछा ना आवता." दोन न्या पण परत येऊ नका, म्हणत होता. गुलाबने एकच आणली. ती पास झाली.

ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरने नवे फोटो काढले. म्हणाला, "मावशी, ही गाठ नाही. झडपेच्या कडेला चुना साठलाय. आतून मऊ पडलाय, म्हणून ट्यूमरसारखा दिसला. छाती उघडायची नाही. फक्त तपासायला येत राहा."

मी तिथेच रडलो. तिने माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं तुमची तंबाखू मी मळून दिली. चुना हातातून आत गेला." डॉक्टरने सांगून पाहिलं की तो चुना वेगळा, शरीरातच तयार होतो. तिला पटलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. मी चुन्याची डबी खाडीत फेकली. आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी सगळ्या नवऱ्यांच्या डब्या फेकल्या. मला अजून शिव्या बसतात.

गुलाबने विचारलं, "ताई, साडी परत देऊ का?"

"पास झालेला माल परत जात नसतो."

ती साडी नेसून ती भेस्तानला भाचीच्या लग्नाला गेली. पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना कोणी बसेना. ती ऐसपैस बसून जेवली.

यंदा पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. पाच दिवसांत गेली. त्याच हिरव्या साडीत तिला नेलं. डॉक्टर म्हणाला, हृदय शेवटपर्यंत चांगलं चाललं.

तिसऱ्या दिवशी तापीकाठी राख सावडायला गेलो. मी काडीने राख उकरत बसलो. गुलाबने विचारलं, "दाजी, काय शोधता?"

"चुना," मी म्हणालो.

त्यानेही एक काडी उचलली. शेजारी उकिडवा बसला आणि तोही शोधायला लागला. तिथे सगळंच पांढरं होतं. मग आम्ही सगळंच उचललं.